बंद कन्व्हर्टरमधून वाहणारी वीज

एकाहून अधिक वीजस्रोत असलेल्या शेतातील जोडणी व घ्यावयाची काळजी

नागपूरच्या इतवारी पेठेत खरेदीस येणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवीत पूर्वी किराणा, कापड आणि फार तर पंपाचा एखादा पट्टा असे. आज त्याच पिशवीत बॅटरी, सौर पॅनेलची केबल आणि तळहाताएवढा कन्व्हर्टरही असतो. गेल्या आंबिया बहाराच्या वेळी काटोल तालुक्यातील एक संत्रा बागाईतदार आपली बॅटरी घेऊन इतवारीतील एका दुरुस्तीच्या दुकानात आले असता प्रस्तुत लेखक तेथे उपस्थित होता. त्यांच्या बागेत ठिबक संचातून विद्राव्य खते सोडण्यासाठी २४ व्होल्टचा एक लहान पंप आहे. ४० वॅटच्या सौर पॅनेलवर १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तासांची बॅटरी भरते आणि एक कन्व्हर्टर बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून पंपास २४ व्होल्ट पुरवितो. खत सोडण्याचे काम दिवसातून दोन तासांचे. काम आटोपले की ते कन्व्हर्टरवरील लहान बटण न चुकता बंद करीत. तरीही एकाच हंगामात त्यांची दुसरी बॅटरी निकामी झाली होती आणि ऐन फुलोऱ्यात खताच्या मात्रा चुकल्या होत्या.

"पंप त बंदच राहते, भाऊ. मंग बॅटरी खाते कोन?" असा त्यांचा प्रश्न होता.

दुकानदाराने दुसरी चांगली बॅटरी कन्व्हर्टरला लावली, बटण बंद ठेवले आणि पंपाकडे जाणाऱ्या तारांना मीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. बंद कन्व्हर्टरच्या पलीकडे ११.९ व्होल्ट दिसले. पंप जोडताच त्यातून सुमारे १ अँपिअर प्रवाह वाहू लागला. पंपाचे अंग सकाळी कोमट लागत असे काय, असे विचारता, "होय, पण मोटार म्हणून लागत असेल असे वाटे," असे उत्तर मिळाले. बॅटरी कोण खातो, याचा उलगडा तेथेच झाला.

ही गोष्ट एका बागेपुरती नाही. २०१९ पासूनची पीएम-कुसुम योजना आणि २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना यांमुळे सौर वीज बांधापर्यंत पोहोचली आहे. अनेक शेतांत आता सौर पॅनेल, बॅटरी, महावितरणची वीज आणि प्रसंगी डिझेल जनित्र असे दोन-तीन स्रोत एकत्र नांदतात. अशा ठिकाणी 'यंत्र बंद आहे' या शब्दांचा खरा अर्थ ठाऊक नसेल तर बॅटरीचे, नियंत्रकाचे आणि कधी माणसाच्या जिवाचे मोल द्यावे लागते.

बंद म्हणजे काय?

घरातील दिव्याचे बटण दाबले असता तार प्रत्यक्ष तुटते. दोन धातूंमध्ये अंतर पडते आणि वीज जावयास वाटच उरत नाही. कन्व्हर्टरचे लहान बटण असे काम करीलच असे नाही.

विजेचा दाब कमी-अधिक करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये मुख्यत्वे चार भाग असतात: तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, वीज साठविणारा कपॅसिटर, दर सेकंदास हजारो वेळा उघडझाप करणारा ट्रान्झिस्टर, आणि एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा डायोड. या उघडझापीतूनच दाब वाढतो किंवा उतरतो. लहान बटण केवळ ट्रान्झिस्टरला 'उघडझाप थांबव' असा हुकूम देते. ट्रान्झिस्टर थांबतो, परंतु कॉइल आणि डायोड जागच्या जागी जोडलेले राहतात. त्यांतून एखादी वाट शिल्लक असेल तर वीज तिचा उपयोग करतेच.

तेव्हा 'काम थांबणे' आणि 'वाट तुटणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतात एकच स्रोत असेल तर हा भेद कित्येकदा लक्षातही येत नाही. स्रोत दोन झाले की एकाची वीज दुसऱ्याच्या थांबलेल्या यंत्रात शिरू शकते, आणि हा भेद महत्त्वाचा ठरतो.

दाब वाढविणारा कन्व्हर्टर

उंचावरील टाकीतून बागेत पाणी येत आहे आणि दाब अपुरा पडतो म्हणून वाटेत एक बूस्टर पंप बसविला आहे, अशी कल्पना करावी. पंप चालू असता पाणी जोराने येते. पंप बंद केला म्हणून पाणी थांबते काय? नाही. टाकी उंच असल्याने पाणी थांबलेल्या पंपाच्या पंख्यातून वाट काढून हळूहळू येतच राहते. ते थांबवावयाचे तर वाटेतील कॉक बंद करावा लागतो.

दाब वाढविणाऱ्या साध्या कन्व्हर्टरची स्थिती हीच असते. त्यात बॅटरीपासून कॉइल, कॉइलपासून डायोड आणि डायोडपासून पंप अशी सरळ वाट असते. ट्रान्झिस्टर थांबला तरी ही वाट खुली राहते. डायोडमध्ये ०.३ ते ०.७ व्होल्ट एवढीच घट होते व उरलेला सर्व दाब पुढे जातो. संत्रा बागेत नेमके हेच घडत होते. निम्म्या दाबावर पंपाला नळीतील दाबाविरुद्ध फिरणे शक्य नव्हते. तो अडकून उभा राही, परंतु वीज खात राही व तापत राही. न फिरणारा पंप बंदच आहे, अशी पाहणाऱ्याची समजूत होई.

याचा हिशेब मांडून पाहावा. ४० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हाच्या पाच तासांत सुमारे १० अँपिअर-तास वीज देते. खत सोडण्याच्या दोन तासांच्या कामास सुमारे ६ अँपिअर-तास लागतात. येथवर हिशेब जमेचा आहे. परंतु उरलेल्या २२ तासांत १ अँपिअरप्रमाणे २२ अँपिअर-तासांची गळती होते. रोजची तूट १८ अँपिअर-तासांची झाली. ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी या तुटीपुढे दोन-तीन दिवसही टिकत नाही.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. अशा बहुतेक यंत्रांत बॅटरीचा दाब फार उतरला की कन्व्हर्टर आपोआप बंद होण्याची सोय असते. ही सोय बॅटरीच्या रक्षणासाठी असते. परंतु वाट खुली असेल तर कन्व्हर्टर बंद होऊनही गळती चालू राहते. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली वारंवार उतरली तर तिच्या आतील पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि पुढे ती पूर्ण भरत नाही. राखणदार नेमला, पण मागचे फाटक उघडेच ठेवले, असा हा प्रकार आहे.

काही कन्व्हर्टरमध्ये बंद होताच पुढची वाटही तोडणारा एक जादा ट्रान्झिस्टर असतो. ज्या कन्व्हर्टरमध्ये आत व बाहेर यांमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यांतूनही थांबल्यावर वीज पुढे जात नाही. परंतु डबीच्या बाहेरून पाहून हे कळत नाही. विकत घेताना विचारावे आणि मीटर लावून खात्री करून घ्यावी.

दाब उतरविणारा कन्व्हर्टर

आता दुसरे उदाहरण घेऊ. एका विहिरीवर एक पंप आणि बोअरवर दुसरा पंप असून दोघांचे पाणी एकाच मुख्य पाइपात सोडले आहे. विहिरीचा पंप बंद केला आणि बोअरचा चालू ठेवला. विहिरीच्या पाइपावर एकाच दिशेने उघडणारा चेक व्हॉल्व्ह नसेल तर बोअरचे पाणी बागेत जाण्याऐवजी बंद पंपातून उलटे विहिरीत उतरते. हा अनुभव पुष्कळांना आहे.

दाब उतरविणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये अशीच उलटी वाट असते. सौर पॅनेलचे १८-२० व्होल्ट उतरवून १२ व्होल्टची बॅटरी भरणारे कित्येक चार्जर या प्रकारचे असतात. त्यातील ट्रान्झिस्टर थांबला की पॅनेलकडून बॅटरीकडे जाणारी वाट बंद होते, हे खरे. परंतु या ट्रान्झिस्टरच्या घडणीतच एक डायोड असतो व त्याचे तोंड उलट दिशेला, म्हणजे बॅटरीकडून पॅनेलकडे असते. दिवसा पॅनेलचा दाब अधिक असल्याने हा डायोड मिटलेला राहतो. सूर्य मावळला, पॅनेलचा दाब उतरला, की बॅटरीची वीज त्यातून मागे फिरते आणि पॅनेलच्या तारांवर येऊन उभी राहते.

पॅनेल निरोगी असेल तर एका रात्रीतील ही गळती थोडी असते. खरा धोका निराळा आहे. उंदराने केबल कुरतडली, रोही किंवा रानडुक्कर यांच्या धक्क्याने ती तुटली, अथवा पावसात जोड भिजून दोन तारा एकमेकींस टेकल्या, तर बॅटरीचा सारा जोर त्या ठिकाणी लागतो. रात्रीच्या वेळी, 'पॅनेल तर झोपले आहे' अशा समजुतीत आपण असताना, केबल तापून गोठ्यातील कडब्याला आग लागू शकते. याचसाठी चांगल्या चार्जरमध्ये उलटा प्रवाह अडविणारा डायोड किंवा पाठीला पाठ लावून बसविलेले दोन ट्रान्झिस्टर असतात. स्वस्त चार्जरमध्ये ही जोड गाळलेली आढळते. तसेच बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज असणे अत्यावश्यक आहे.

या दोन प्रकारांचे सार एका वाक्यात असे सांगता येईल: दाब वाढविणारा कन्व्हर्टर बंद असता पुढे गळतो, दाब उतरविणारा कन्व्हर्टर बंद असता मागे गळतो.

सौर पंपाचा नियंत्रक

तीन अश्वशक्तीच्या सौर पंपास सुमारे ३,००० वॅटची पॅनेले लागतात. ज्यांना आपण बोलीभाषेत प्लेट म्हणतो, ती पॅनेले ओळीने जोडलेली असतात. प्रत्येकी सुमारे ४५ व्होल्टची नऊ पॅनेले एका ओळीत असल्यास एकूण दाब ४०० व्होल्टच्या वर जातो. नियंत्रकाचे बटण बंद केले तरी ऊन असेपर्यंत हा दाब केबलवर राहतोच. पॅनेल हे बंद करता येणारे यंत्र नव्हे.

तीन फेजची मोटर असलेल्या संचात नियंत्रकामध्ये सहा ट्रान्झिस्टर असून ते पॅनेलच्या एकदिश विजेपासून मोटरसाठी तीन फेजची वीज तयार करतात. या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पाठीशी एक उलटा डायोड असतो. ट्रान्झिस्टर थांबले तरी हे सहा डायोड जागेच असतात. म्हणजे हा नियंत्रकही बंद असता मागे गळणाऱ्या जातीचा आहे.

काही शेतकरी दिवसा सौर पंप आणि रात्री महावितरणची वीज अशी एकाच मोटरवर सोय करू पाहतात. इच्छा योग्य आहे. परंतु नियंत्रक बंद केला आहे या भरवशावर महावितरणच्या तीन तारा मोटरच्या त्याच टोकांना जोडल्या तर काय होईल? ४१५ व्होल्टच्या तीन फेज विजेचे शिखर सुमारे ५८७ व्होल्टचे असते. ती वीज सहा डायोडांतून उलटी नियंत्रकात शिरते आणि आतील रिकाम्या कपॅसिटरवर एकदम तुटून पडते. डायोड जळतात, कपॅसिटर फुटतात. नियंत्रक 'बंद' होता, हे खरे; पण तो अलग केलेला नव्हता.

याशिवाय दोन छुपे स्रोत ध्यानात ठेवावयास हवेत. पहिला नियंत्रकातील कपॅसिटरचा. सर्व तारा सोडविल्यावरही त्यात काही मिनिटे शेकडो व्होल्ट साठून राहतात. थांबावयाचा काळ झाकणावर छापलेला असतो, तो पाळलाच पाहिजे. दुसरा स्रोत खुद्द मोटरचा. कित्येक सौर पंपांच्या मोटरमध्ये कायमचे लोहचुंबक असतात. पंप थांबल्यावर चेक व्हॉल्व्ह झिजलेला असेल तर उभ्या पाइपातील पाणी खाली कोसळते, पंप उलटा फिरतो आणि मोटर काही काळ जनित्राप्रमाणे वीज निर्माण करते. त्या वेळी केबलच्या टोकास हात लावणाऱ्यास झटका बसतो.

तारेवर चढलेल्या माणसाचा विचार

मागे वाहणारी वीज आपल्या शेताच्या हद्दीत थांबेलच असे नाही. गावाच्या डीपीवरील ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो. तोच ट्रान्सफॉर्मर उलट बाजूने वीज दिल्यास दाब चढवितोही. वीज गेली असता एखाद्याने इन्व्हर्टर किंवा जनित्र, मुख्य जोडणी न तोडता, घरच्या वायरिंगला जोडले तर ती वीज डीपीमार्गे हजारो व्होल्टची होऊन वरच्या तारेवर जाऊ शकते. तेथे बिघाड काढण्यासाठी महावितरणचा जनमित्र चढलेला असतो. त्याच्या लेखी ती तार बंद असते.

वीजवाहिनीशी अधिकृतपणे जोडलेल्या सौर इन्व्हर्टरमध्ये वाहिनीची वीज जाताच दोन सेकंदांच्या आत स्वतः थांबण्याची सोय असते. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या इन्व्हर्टरकडून आणि जनित्राकडून ती अपेक्षा करता येत नाही. तेथे वाट तोडणारा चेंजओव्हर स्विच हाच आधार होय.

घ्यावयाची काळजी

१. प्रत्येक स्रोतास हाताने फिरविता येईल असा स्वतंत्र तोडस्विच असावा. कन्व्हर्टरचे लहान बटण तोडस्विच समजू नये.

२. लहान कन्व्हर्टरसाठी हा स्विच बॅटरी व कन्व्हर्टर यांच्या मध्ये बसवावा. त्याच तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा.

३. एक मोटर दोन स्रोतांवर चालवावयाची असेल तर मध्ये शून्य स्थान असलेला, सर्व तारा एकदम तोडणारा चेंजओव्हर स्विच वापरावा. पहिला स्रोत सुटल्याखेरीज दुसरा जोडला जाऊ नये. मोटर पूर्ण थांबल्यावरच तो फिरवावा.

४. पॅनेलच्या बाजूस एकदिश विजेसाठीच बनविलेला आयसोलेटर लावावा. महावितरणची वीज सेकंदास १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझते. पॅनेलची वीज कधीच शून्यावर येत नाही. साध्या स्विचमध्ये तिची ठिणगी पेटतीच राहून स्विच जाळते.

५. कन्व्हर्टर किंवा चार्जर घेताना तीन प्रश्न विचारावेत: बंद असता वीज पुढे जाते काय? मागे येते काय? दाब फार उतरल्यावर तो केवळ थांबतो, की बॅटरीची वाटही तोडतो?

६. योजनेतून मिळालेल्या संचास पाच वर्षांची देखभाल असते. त्याचा नियंत्रक स्वतः उघडू नये किंवा त्यात दुसरी जोडणी करू नये; पुरवठादारास कळवावे. महावितरणच्या विजेशी संबंधित काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

७. 'बंद केले आहे' या शब्दावर विसंबून तारेस हात लावू नये. सर्व स्रोत तोडावेत, ठरलेला काळ थांबावे, मीटरने पाहावे, आणि मगच काम करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी एक प्रात्यक्षिक

सभेत हा विषय समजावून देण्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी, दाब वाढविणारा लहान कन्व्हर्टर आणि मीटर एवढे साहित्य पुरे. प्रथम कन्व्हर्टर चालू करून २४ व्होल्ट दाखवावेत. मग त्याचे बटण बंद करून, आता किती दाब दिसेल, असे जमलेल्यांना विचारावे. बहुतेक जण शून्य म्हणतील. मीटर साडेअकरा ते बाराच्या आसपास दाखवील. शेवटी बॅटरीची तार सोडवावी. कपॅसिटर रिकामा होताच मीटर शून्यावर येईल. थांबविणे आणि तोडणे यांतील भेद या तीन आकड्यांत सर्वांना कळतो. हे प्रात्यक्षिक लहान बॅटरीवरच करावे. सौर पंपाच्या संचावर किंवा महावितरणच्या विजेवर कदापि करू नये.

काटोलच्या त्या बागाईतदारांनी इतवारीतून परतताना तिसऱ्या बॅटरीबरोबर एक साधा तोडस्विच व एक फ्यूज नेला आणि दोन्ही बॅटरीच्या तारेवर बसवून घेतले. खताचे काम संपले की आता ते आधी कन्व्हर्टरचे बटण आणि नंतर हा स्विच बंद करतात. पंपाचे अंग सकाळी गार लागते, आणि तीच बॅटरी आजही काम देत आहे. ज्यांच्या शेतात असा कन्व्हर्टर आहे त्यांनी आज संध्याकाळी काम आटोपल्यावर बटण बंद करावे आणि पलीकडच्या तारांना एकदा मीटर लावून पाहावा.